मॅलार्ड बदक कसे ओळखावे आणि वर्षभर कसे पाहावे

इंग्लंडमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेले आईवडील रोज सायंकाळी जवळच्या उद्यानातील तळ्यावर फेरी मारू लागले, की पहिल्या आठवड्यातच त्यांची मॅलार्ड बदकांशी ओळख होते. मे महिन्यात हिरव्या, चकाकत्या डोक्याचे नर आणि तपकिरी माद्या त्यांना सहज वेगळ्या काढता येतात. जुलै उजाडतो आणि तळ्यावरची सगळीच बदके तपकिरी दिसू लागतात. ‘नर उडून गेले काय?’ हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतेच. नर कुठेही गेलेले नसतात. आपण त्यांना ज्या एकाच खुणेवरून ओळखत होतो, ती खूण तेवढी गळून गेलेली असते.

म्हणून हे बदक शिकू पाहणाऱ्याला माझी पहिली सूचना अशी, की डोक्याचा हिरवा रंग सर्वांत शेवटी पाहावा. तो रंग मनोहर आहे यात शंका नाही, पण तो फक्त नराचा आहे, वर्षाचे काही महिने तो नाहीसा होतो, आणि इतरही काही बदकांच्या नरांची डोकी हिरवीच असतात. चोच, पंखावरचा निळा पट्टा, शेपटी आणि आवाज या खुणा क्रमाने पाहण्याची सवय लागली, तर कोणत्याही महिन्यात मॅलार्ड ओळखता येते आणि नर-मादीही सांगता येतात.

या बदकाचे शास्त्रीय नाव अनास प्लॅटिरिंकोस असे आहे. ‘अनास’ म्हणजे लॅटिनमध्ये बदक, आणि ग्रीकमधून आलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ रुंद चोचीचे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५८ मध्ये या एकाच बदकाला दोन वेगवेगळी शास्त्रीय नावे दिली होती, आणि त्यांपैकी हे पुढे टिकले. युरोप, आशियाचा मोठा भाग आणि उत्तर अमेरिका हे त्याचे मूळ प्रदेश. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये माणसाने ते नेऊन सोडले. भारतात ते काश्मीरच्या पाणथळ जागांमध्ये वीण करते, हिवाळ्यात होकरसरसारख्या सरोवरांवर आणि उत्तरेच्या मैदानी प्रदेशात उतरते, आणि महाराष्ट्रापर्यंत क्वचितच पोहोचते. त्यामुळे मराठी माणसाला हे बदक बहुधा परदेशातच रोजचे होते. पुढील वर्णन ब्रिटनमधील ऋतू धरून केले आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकांसाठी स्वतंत्र सूचना शेवटी दिल्या आहेत.

चोचीपासून सुरुवात करावी

मॅलार्ड हे मोठ्या बदकांपैकी एक आहे. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत त्याची लांबी ५० ते ६५ सेंटिमीटर भरते, पसरलेल्या पंखांची रुंदी ८० सेंटिमीटरहून अधिक असते, आणि वजन साधारणपणे एक किलोच्या आसपास, म्हणजे गावठी कोंबडीइतके असते. शरीर लांबट व भरदार, डोके गोल आणि चोच रुंद, चपटी असते. तळ्यावर निरनिराळी बदके एकत्र असतील, तर आधी आकार डोळ्यांत भरून घ्यावा आणि मग दुर्बीण थेट चोचीवर न्यावी.

प्रौढ नराची चोच पिवळसर किंवा हिरवट पिवळी असते आणि तिच्या टोकाला नखासारखा काळा ठिपका असतो. मादीची चोच नारिंगी असून तिच्या मध्यभागी काळपट तपकिरी डाग असतो. या डागाचा आकार प्रत्येक मादीत थोडा निराळा असतो, त्यामुळे एकाच तळ्यावर नियमित जाणाऱ्याला काही माद्या त्यांच्या चोचीवरून ओळखूही येऊ लागतात. प्रौढ पक्ष्याच्या बाबतीत चोचीचा हा फरक वर्षभर टिकतो. पिसे गळतात, नवी येतात, रंग फिके होतात, पण नराची चोच पिवळटच राहते आणि मादीच्या चोचीवरचा डाग पुसला जात नाही. म्हणूनच चोचीला मी पहिले स्थान देतो. पाय मात्र दोघांचेही नारिंगीच असतात. नर-मादी ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग नाही.

यानंतर पंखाकडे वळावे. पंख मिटलेला असला, तरी कुशीच्या मागच्या भागात निळ्या-जांभळ्या रंगाचा एक तुकडा बऱ्याचदा डोकावतो. पंख उघडला की तो लांब, चकाकता पट्टा होतो, आणि त्याच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही कडांना पांढरी रेघ दिसते. याला स्पेक्युलम म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आरसा. नर आणि मादी दोघांनाही हा आरसा असतो, आणि उडत्या मॅलार्डला ओळखण्यासाठी दोन पांढऱ्या रेघांमधल्या निळ्या पट्ट्याइतकी चांगली दुसरी खूण नाही. या पट्ट्यातला निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म थरांवर प्रकाश परावर्तित होऊन तो तयार होतो, आणि त्यामुळे बदक जरा वळले की तोच पट्टा काळपट दिसतो. नराच्या डोक्याचा हिरवा रंगही असाच प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असतो. हिंदीत या बदकाला नीलसर, म्हणजे निळ्या डोक्याचे, म्हणतात, आणि तिरप्या उन्हात ते डोके खरोखरच निळे-जांभळे दिसते. त्यामुळे सूर्य आपल्या पाठीशी असेल अशा जागी उभे राहावे. पाण्याच्या पलीकडून प्रकाश येत असेल तर नुसत्या काळ्या आकृत्या हाती लागतात.

नराचा पूर्ण वेष ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाहायला मिळतो. हिरव्या डोक्याखाली गळ्याभोवती पांढरी बारीक कडी असते, छाती जांभळट तपकिरी, कुशी व पोट फिकट राखाडी, आणि पाठीमागचा भाग काळाभोर असतो. शेपटीची बाहेरची पिसे पांढरट असतात, पण तिच्या मुळाशी दोन-चार काळी पिसे वर वळून कुरळी झालेली असतात. हे कुरळे पीस फक्त नरालाच असते. ते चांगले ध्यानात ठेवावे, कारण पाळीव बदकांविषयी बोलताना ते पुन्हा उपयोगी पडेल. मादीचे सर्व अंग तपकिरी असून प्रत्येक पिसाला फिकट कड आणि गडद मध्य असतो. डोक्याचा माथा गडद आणि डोळ्यातून जाणारी एक काळपट रेघ स्पष्ट दिसते. अनेकजण तिला ‘साधी’ म्हणून नजरेआड करतात. गवतात अंड्यांवर बसलेली मादी दोन हातांवर असूनही दिसत नाही, हा अनुभव एकदा आला, की त्या नक्षीचे मोल कळते.

उन्हाळ्यातील नर

मादी अंड्यांवर बसली की नराचे तिच्याशी असलेले नाते बहुतेक संपते, आणि जूनच्या सुमारास नर छोट्या टोळ्या करून आडोशाच्या पाण्याकडे जमू लागतात. तेथे त्यांची पिसे झडतात. हिरवे डोके, पांढरी कडी, राखाडी कुशी, कुरळी शेपटी असे सर्व जाऊन मादीसारखा तपकिरी वेष येतो. पक्षी अभ्यासक या अवस्थेला एक्लिप्स म्हणतात. पाठोपाठ पंखांतील उड्डाणाची पिसेही एकदमच गळून पडतात आणि तीन ते चार आठवडे नराला उडताच येत नाही. या काळात भडक रंग अंगावर असणे जिवावर बेतू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे वेष बदलण्याचे कारण समजते. पंखाचा निळा आरसाही गळणाऱ्या पिसांवरच असल्यामुळे त्या काही दिवसांत तोही दिसत नाही, आणि निरीक्षकाला चोचीवरच विसंबावे लागते. चोच पिवळट व डागरहित, छाती किंचित तांबूस आणि डोक्याचा माथा गडद असेल, तर तो एक्लिप्समधला नर समजावा.

माद्यांची पिसे त्यानंतर, पिल्ले मोठी झाल्यावर झडतात. ऑगस्टच्या मध्यापासून नरांच्या डोक्यावर हिरव्या पिसांचे ठिपके उगवू लागतात आणि काही आठवडे ते अगदी विस्कटलेले दिसतात. या अवस्थेतील नर पाहून त्यांना काही रोग झाला असावा अशी काळजी लोक करतात. ती करू नये.

आवाज ऐकावा

‘क्वॅक, क्वॅक’ असा जो आवाज बदकाचा म्हणून आपण लहान मुलांना शिकवतो, तो प्रत्यक्षात मादीचा असतो. ती मोठ्याने, एका दमात अनेकदा ओरडते आणि शेवटचे स्वर खाली उतरत जातात. नराचा आवाज बसलेल्या घशातून आल्यासारखा, हलका आणि घोगरा असतो. नराच्या श्वासनलिकेच्या तळाशी डाव्या बाजूला हाडाची एक फुगीर पोकळी असते, ती मादीला नसते, आणि आवाजातील फरकाचा संबंध या रचनेशी आहे. उन्हाळ्यात सगळी बदके तपकिरी दिसत असताना जे मोठ्याने ओरडते ते मादी, असे निःशंक म्हणता येते. डोळे मिटून पाच मिनिटे तळ्याकाठी उभे राहण्याचा सराव करावा. रंग पाहून जे शिकायला महिना लागतो, ते कान एका सायंकाळी शिकवतो.

ज्यांच्याशी गोंधळ होतो ती बदके

हिरव्या डोक्याचे दुसरे बदक म्हणजे थापट्या. त्याचा नर दुरून पाहिला तर मॅलार्ड वाटतो, परंतु त्याची चोच फावड्यासारखी लांब व टोकाला पसरलेली असते, छाती पांढरीशुभ्र असते आणि कुशी विटकरी असतात. मॅलार्डच्या छातीवर पांढरा रंग नसतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते. मोठ्या नद्यांवर दिसणाऱ्या गूसँडर या बुडी मारणाऱ्या पक्ष्याच्या नराचे डोकेही गडद हिरवे असते, पण त्याची चोच लाल, अरुंद आणि टोकाला आकडीसारखी वळलेली असते.

माद्यांच्या बाबतीत काम अधिक कठीण आहे. गडवाल मादीच्या पंखात निळ्याऐवजी पांढरा चौकोन असतो, तलवार बदकाच्या मादीची चोच राखाडी आणि मान सडपातळ असते, आणि थापट्याची मादी तिच्या भल्यामोठ्या चोचीमुळे लपत नाही. चक्रांग आकाराने इतके लहान असते की शेजारी मॅलार्ड असताना चूक होऊच नये.

रानातले की पाळलेले?

मस्कोवी जातीचा अपवाद सोडला, तर जगातील जवळजवळ सर्व पाळीव बदके मॅलार्डपासूनच झाली आहेत. पांढरे पेकिन बदक, अंड्यांसाठी पाळले जाणारे खाकी कॅम्पबेल, बाटलीसारखे उभे चालणारे रनर, या सगळ्यांचा मूळपुरुष एकच. शुभ्र पेकिन नराच्या शेपटीवरही ते कुरळे पीस अजून टिकून आहे. शतकानुशतकांच्या पैदाशीतून रंग, वजन, उडण्याची ताकद गेली, पण ती कुरळ गेली नाही. मला या बदकाविषयी जे काही ठाऊक आहे, त्यात ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

सोडून दिलेली किंवा निसटलेली पाळीव बदके रानातल्या मॅलार्डशी सहज जोडी करतात, त्यामुळे शहरी तळ्यांवर मिश्र संतती भरपूर असते. छातीवर पांढरा चट्टा, अंगभर असमान काळेपणा, चॉकलेटी किंवा पिवळट पिसे, जड, खाली लोंबणारे बूड, उभी ताठ चाल, नेहमीच्या मॅलार्डच्या दीडपट आकार यांपैकी काहीही दिसले, तर त्या पक्ष्यात पाळीव रक्त आहे असे मानावे. अस्सल रानबदक बांध्याने सुटसुटीत असते, पोट जमिनीला टेकू देत नाही, माणसापासून अंतर राखते आणि दचकले की पाण्यावरून थेट वर उसळते. शेंडी बदकासारख्या बुडी मारणाऱ्या बदकांना उडण्यापूर्वी पाण्यावर धावावे लागते. मॅलार्डला तशी धाव लागत नाही.

नुसत्या वागण्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. उद्यानातील मॅलार्ड माणसाळलेले दिसते म्हणून ते पाळीव ठरत नाही. हिवाळ्यात आइसलँड, स्कँडिनेव्हिया आणि रशियाकडून आलेले पाहुणे याच तळ्यांवर स्थानिक बदकांत मिसळतात, आणि लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये आपल्या बुटांजवळ उभे असलेले एखादे बदक उत्तर समुद्र ओलांडून आलेले असू शकते. १९६३ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यावर सुमारे २१,००० फूट उंचीवर एक मॅलार्ड विमानाला धडकल्याची नोंद आहे. डबक्यात डुंबणाऱ्या या पक्ष्याच्या पंखांत किती सामर्थ्य आहे, याची कल्पना त्यावरून यावी.

शरद ऋतूतील स्वयंवर

मॅलार्डच्या सवयी पाहण्याचा सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर ते डिसेंबर हा आहे, आणि नेमक्या याच काळात थंडी व पाऊस यांमुळे लोक तळ्याकडे फिरकत नाहीत. जोड्या वसंतात जमतात असा सर्वसाधारण समज आहे. मॅलार्डच्या जोड्या शरद ऋतूतच जमू लागतात. अनुनयाचे प्रकार पाहायचे असतील तर सकाळी लवकर जावे, पाच-सहा नरांचा घोळका एका-दोन माद्यांभोवती तरंगत असेल तेथे थांबावे आणि निदान अर्धा तास जागचे हलू नये.

सुरुवातीला नर माना आखडून, डोक्याची पिसे फुगवून नुसते तरंगतात आणि मधूनच शेपटी झटकतात. मग एकाएकी एखादा नर चोच पाण्याला टेकवून मान कमानीसारखी वर ओढतो, चोचीने पाण्याच्या थेंबांची एक फवारणी बाजूला उडते आणि त्याच क्षणी बारीक शिट्टी व पाठोपाठ घुरघुर ऐकू येते. हे एका सेकंदाच्या आतबाहेर उरकते, म्हणून पहिल्या दिवशी ते दिसलेच नाही तर निराश होऊ नये. दुसऱ्या प्रकारात नर डोके मागे व शेपटी वर खेचून शरीर आखूड करतो, पंखांचा निळा आरसा दाखवतो आणि चोच मादीकडे वळवतो. मादीही नुसती प्रेक्षक नसते. ती मान पाण्यालगत ताणून, डोके हलवत नरांमधून वेगाने पोहत जाते आणि त्यांना चेतवते. तिने नर निवडला की ती त्याच्या शेजारी पोहते आणि नको असलेल्या नराच्या दिशेने खांद्यावरून पुन्हा पुन्हा चोच झटकत ओरडते. ही चोच झटकणारी मादी शोधावी. ती कोणाच्या शेजारी आहे ते पाहिले की जोडी कळली.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लोरेंझ यांनी बदकांच्या या हालचालींचा तुलनात्मक अभ्यास करून दाखवले, की त्या जातीजातींत ठरावीक असतात आणि त्यांवरून जातींचे आपसांतील नाते मांडता येते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल फॉन फ्रिश व निको टिनबर्गन यांच्यासह मिळाले.

फेब्रुवारीपासून आणखी एक दृश्य दिसू लागते, आणि ते पाहणे सुखद नाही. मॅलार्डमध्ये नरांची संख्या बहुधा माद्यांपेक्षा जास्त असते, त्यामुळे जोडी न मिळालेले नर एकट्या मादीचा पाठलाग करतात आणि तिच्यावर बळजबरी करतात. काही वेळा मादी पाण्याखाली दाबली जाऊन मरतेही. दगड मारून किंवा आरडाओरडा करून मध्ये पडल्याने मादी अधिकच घाबरते. जेथे लोक सतत खाऊ घालून बदकांची गर्दी वाढवतात, तेथे तिला निसटायला जागा उरत नाही, आणि खाऊ घालणे थांबवणे हा उपाय आपल्या हाती आहे.

घरटे आणि पिल्ले

मार्चपासून मादी घरट्यासाठी जागा शोधते. दाट गवत, लव्हाळी, झुडपाचा बुंधा, झाडाची ढोली, आणि शहरांत चक्क गॅलरीतील कुंडी किंवा इमारतीचे छप्पर, अशी कोणतीही आडोशाची जागा तिला चालते, आणि ती पाण्यापासून बरीच दूरही असू शकते. ती रोज साधारण एक याप्रमाणे बहुधा ८ ते १३ फिकट हिरवट अंडी घालते आणि स्वतःच्या छातीची मऊ लव उपटून घरट्याला अस्तर लावते. सर्व अंडी घालून झाल्याशिवाय ती उबवायला बसत नाही, म्हणून पहिले आणि शेवटचे पिल्लू जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडते. उबवण्याचे काम ती एकटी २७-२८ दिवस करते. खाण्यासाठी उठताना ती अंडी लवेखाली झाकून जाते. त्यामुळे लवेने झाकलेले, मादी नसलेले घरटे दिसले तर ते टाकून दिले आहे असे समजून हात लावू नये. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार वापरात असलेले घरटे हलवणे किंवा मोडणे हा गुन्हा आहे. गॅलरीत घरटे झालेच, तर महिनाभर ती बाजू सोडून द्यावी, आणि पिल्ले फुटण्याच्या सुमारास कठड्यातून खाली जाण्याची वाट त्यांना आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

पिल्ले अंड्यातूनच आईला साद देऊ लागतात. ती पिवळी असून त्यांच्या पाठीवर व माथ्यावर गडद तपकिरी रंग आणि डोळ्यातून रेघ असते. बाहेर आल्यापासून साधारण एका दिवसात आई त्यांना घरट्यातून काढून पाण्याकडे चालवत नेते, आणि या प्रवासात रस्ते, भिंती, गटारे असे सर्व काही येते. अशी रांग दिसली तर पिल्ले उचलू नयेत. आई घाबरून उडाली तर रांग फुटते. रहदारी थांबवता येत असेल तर सुरक्षितपणे थांबवावी, पायरी उंच असेल तर शेजारी एक फळी तिरकी टेकवावी आणि दूर व्हावे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलते-बोलते दिसते त्याच्यामागे जाण्याची पिल्लांची वृत्ती लोरेंझ यांनी स्वतः अनुभवली होती. मॅलार्डच्या पिल्लांना आपल्यामागे आणण्यासाठी त्यांना ओणवे होऊन अखंड ‘क्वॅक’ करत फिरावे लागले.

पहिल्या दोन आठवड्यांत अनेक पिल्ले राखी बगळे, कुरव, कावळे, कोल्हे आणि मोठे पाइक मासे यांच्या तोंडी जातात. रोज मोजणाऱ्याला अकराची नऊ, नऊची सहा होताना दिसतात आणि ते मनाला लागते. वाचलेली पिल्ले ५० ते ६० दिवसांत उडू लागतात.

खाणे, झोपणे आणि हिवाळा काढणे

मॅलार्ड सहसा बुडी मारत नाही. ते डोके पाण्यात घालून शेपटी आकाशाकडे करते, पायांनी तोल सांभाळते आणि मान पोहोचेल तेवढ्या खोलीवरच्या वनस्पती, बिया, गोगलगायी व किडे काढते. म्हणून ते उथळ काठ पसंत करते. चोचीच्या आतल्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारखे पातळ पडदे असतात, त्यांतून पाणी निघून जाते आणि खाद्य अडकते. पिल्ले आरंभी मुख्यतः किडे खातात. शरद ऋतूत सूर्यास्तानंतर थवेच्या थवे कापणी झालेल्या शेतांकडे दाणे टिपायला जातात, आणि दिवसा तळ्यावर झोपाळू वाटणारी ही बदके रात्रीची किती कामसू असतात, हे त्या वेळी तळ्याकाठी उभे राहिल्यावर कळते.

झोपलेली बदकेही लक्षपूर्वक पाहावीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की ओळीत झोपलेल्या मॅलार्डपैकी कडेची बदके मेंदूचा अर्धाच भाग झोपवतात आणि बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात. काठावर रांगेने बसलेली बदके दिसली तर दुर्बिणीने कडेच्या बदकाचा डोळा तपासावा. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. त्यांचे डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्यांना सभोवार दिसते, म्हणजे पाठीमागून दबकत जाणे व्यर्थ आहे. बर्फावर उभे राहूनही त्यांचे पाय गोठत नाहीत, कारण पायाकडे जाणारे उष्ण रक्त आणि परतणारे थंड रक्त शेजारच्या वाहिन्यांतून वाहते, आणि उष्णता तेथल्या तेथे परतते.

खाऊ घालण्याविषयी

पाव घालू नये. त्याने पोट भरते पण पोषण होत नाही, आणि उरलेला पाव कुजून पाणी बिघडवतो व उंदरांना बोलावतो. मुलांचा हट्ट मोडवत नसेल तर ओट, मक्याचे दाणे, मटार किंवा बारीक चिरलेली कोशिंबिरीची पाने मूठभरच, पाण्यात, आणि बदके खातील तेवढीच टाकावीत. शेव, चिवडा, चिप्स असे खारट पदार्थ तर मुळीच देऊ नयेत. २०२१ पासून बर्ड फ्लूच्या साथी रानपक्ष्यांत वारंवार आल्या आहेत, म्हणून मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये आणि घरी येताच हात धुवावेत.

महाराष्ट्रात मॅलार्ड दिसल्यास

महाराष्ट्रातून येणाऱ्या ‘मॅलार्ड दिसले’ अशा बातम्यांत बहुधा तीनपैकी एक पक्षी असतो. पहिला थापट्या, जो हिवाळ्यात उजनी, जायकवाडी व नांदूर मध्यमेश्वर येथे येतो. दुसरे आपले हळदी-कुंकू बदक, जे मॅलार्डचे जवळचे नातलग असून बांध्याने तसेच आहे. त्याच्या काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे, नराच्या चोचीच्या मुळाशी कुंकवासारखे लाल ठिपके आणि पंखावरचा आरसा हिरवा असतो. तिसरा पक्षी म्हणजे गावतळ्यावर किंवा नगरपालिकेच्या बागेत सोडलेले पाळीव बदक, आणि एप्रिल-मेमध्ये दिसलेले हिरव्या डोक्याचे बदक तर बहुधा हेच असते.

म्हणून नोंद करण्यापूर्वी चार छायाचित्रे घेण्याचा प्रयत्न करावा: चोच बाजूने, छाती समोरून, शेपटी मागून, आणि पंख उडताना किंवा आळस देताना उघडलेला असेल तेव्हा. बदक आळस देताना एक पाय व त्याच बाजूचा पंख मागे ताणते, त्यामुळे झोपेतून उठलेल्या बदकासमोर थांबणे उडणाऱ्यामागे धावण्यापेक्षा फायद्याचे ठरते. सोबत कोणती बदके होती, ते उडून आले की काठावरच होते, माणूस किती जवळ गेल्यावर हलले, हे त्याच वेळी वहीत लिहावे आणि मगच ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकावी. मादी असेल तर चोचीवरचा डाग आणि पंखावरच्या दोन पांढऱ्या रेघा छायाचित्रात स्पष्ट आल्या पाहिजेत. त्या आल्या नसतील, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच काठावर जावे.